पगार, भाडे आणि मुक्काम

चार डॉक्टर एकत्र बसले की एक विषय हमखास निघतो. हल्लीची तरुण मुले लहान गावी जावयास तयार नसतात, सेवाभाव उरला नाही, आमच्या वेळी असे नव्हते. मीही हे उद्गार अनेकदा काढले आहेत आणि प्रत्येक वेळी मनातून थोडा ओशाळलो आहे. १९९० मध्ये मी सांवेर येथे दवाखाना थाटला, अकरा वर्षे दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर संसार केला आणि २००१ साली कन्या सहावीत जाताच बिऱ्हाड इंदूरला हलविले. तेव्हापासून मी दिवसा सांवेरचा आणि रात्री इंदूरचा आहे.

एका शेतकऱ्याने मला एकदा सहज म्हटले, ‘डॉक्टरसाहब, आप तो दिन के डॉक्टर हो.’ त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. आदल्या आठवड्यात त्याच्या वडिलांच्या छातीत मध्यरात्री दुखू लागले, तेव्हा माझ्या दवाखान्यास कुलूप होते. जीप मिळवून इंदूरची वाट धरेपर्यंत वेळ निघून गेली. त्याने हे सारे शांतपणे सांगितले, स्वतःच्या आईसाठी रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या आणि तो गेला. मी मात्र त्या दिवसापासून एका प्रश्नाचा विचार करीत आलो आहे. माणूस कोठे राहावयाचे हे कसे ठरवितो? तो प्रश्न सेवाभावाचा किती आणि हिशेबाचा किती? अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे; तथापि या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनी केलेला विचार वाचनात आला, तो आपल्या व्यवसायास तंतोतंत लागू पडतो असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

समतोलाचा विचार

अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात एक साधे निरीक्षण नोंदविले आहे. जे काम घाणेरडे, धोक्याचे किंवा अप्रतिष्ठेचे असते, त्याला इतर गोष्टी सारख्या असता अधिक मोबदला द्यावा लागतो. खाटकाचे आणि फाशी देणाऱ्याचे उदाहरण त्याने दिले आहे. कामातील अप्रियतेची भरपाई पैशात होते, असा त्याचा आशय. जे कामाचे, तेच गावाचे. ज्या गावी शाळा चांगली नाही, पाण्याची खात्री नाही, पत्नीला नोकरी मिळण्याची शक्यता नाही, त्या गावी राहण्याची भरपाई कोठून तरी व्हावी लागते. ती पगारातून होईल किंवा स्वस्त भाड्यातून होईल.

या विचाराला नेमका आकार दिला तो शर्विन रोझेन यांनी १९७९ मध्ये आणि जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मध्ये. दोघेही अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणूस गाव निवडताना तीन गोष्टी एकाच तराजूत घालतो. तेथे मिळणारे उत्पन्न, तेथे द्यावे लागणारे भाडे आणि तेथील सुखसोयी. सुखसोयी या शब्दात हवा, पाणी, शाळा, रुग्णालय, रस्ते, वाचनालय, नाट्यगृह, सुरक्षितता, सोबत असे सर्व काही येते. आता एखादे गाव तिन्ही बाबतींत सरस असेल, तर सगळेच तिकडे धावतील. धावणाऱ्यांच्या गर्दीने घरे महाग होतील, नोकरीसाठी उमेदवार वाढल्यामुळे पगार उतरतील आणि शेवटी अशी वेळ येईल की नव्याने येणाऱ्यास तेथे येण्यात काही विशेष लाभ उरणार नाही. मग ओघ थांबेल.

आपणां वैद्यकीय मंडळींस हे चित्र परके नाही. अर्धपारगम्य पडद्याच्या दोन बाजूंस वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे ठेवली की पाणी एका बाजूकडून दुसरीकडे सरकते आणि तिकडचा दाब पुरेसा वाढला की सरकणे थांबते. शहर आणि गाव यांच्यामध्ये असाच एक पडदा आहे. त्यातून माणसे सरकतात आणि त्यांना थोपविणारा दाब म्हणजे घरभाडे.

रोबॅक यांनी यात दुसरी बाजू जोडली, ती मालकाची. कारखानदार, रुग्णालयचालक, व्यापारी यांनाही जागेचे भाडे आणि माणसांचे पगार द्यावे लागतात. एखाद्या गावातील सोय त्यांचा धंदा वाढविणारी असेल, उदाहरणार्थ बंदर किंवा रेल्वे, तर ते जास्त भाडे आणि जास्त पगार दोन्ही देऊ शकतात. मुंबई हे त्याचे ठळक उदाहरण. उलट एखादी सोय केवळ राहणाऱ्याच्या सुखाची असेल, तर तेथे भाडे चढते, पगार मात्र चढत नाहीत. एके काळी पुण्याला पेन्शनरांचे शहर म्हणत असत. पेन्शन कोणत्याही गावी तेवढीच मिळते. त्यामुळे पेन्शनर गावातील पगाराकडे पाहत नाही. तो हवा, पाणी, व्याख्याने आणि भाडे एवढेच पाहतो. गावात भाडे जास्त आणि पगारही जास्त दिसले तर ते गाव कमाईचे समजावे. भाडे जास्त पण पगार बेताचे दिसले तर ते गाव राहणीचे समजावे, असा ढोबळ ठोकताळा यातून निघतो.

दोन गावांचा हिशेब

सांवेर हे इंदूर जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. इंदूर-उज्जैन मार्गावर, दोन्ही शहरांच्या साधारण मध्यावर. उलट्या हनुमानाच्या मंदिरामुळे बाहेरगावच्या लोकांनाही ते ठाऊक असते. निसर्गाने इंदूर आणि सांवेर यांच्यात काहीच भेद केलेला नाही. तीच काळी माती, तोच पाऊस, उन्हाळ्यातही रात्री सुखद करणारी तीच माळव्याची हवा, जिच्यावरून ‘शब-ए-माळवा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. तेव्हा या दोन गावांच्या भाड्यात जो फरक आहे, तो हवेचा नव्हे. तो माणसाने उभारलेल्या आणि न उभारलेल्या गोष्टींचा आहे.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना सांवेरच्या खाजगी रुग्णालयात दरमहा दीड लाख रुपये मिळू शकतात आणि इंदूरला एक लाख वीस हजार. सांवेरला घरभाडे आठ हजार, इंदूरला बावीस हजार. भाडे वजा जाता सांवेरला हातात राहतात एक लाख बेचाळीस हजार आणि इंदूरला अठ्ठ्याण्णव हजार. तरीही त्या इंदूर निवडतात. याचा अर्थ असा, की इंदूरच्या सुखसोयींसाठी त्या दरमहा चव्वेचाळीस हजार रुपये मोजीत आहेत. त्यांना कोणी पावती देत नाही एवढेच.

हे आकडे कल्पित असले तरी त्यांची दिशा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. लहान गावांतील खाजगी रुग्णालये तज्ज्ञांना मोठ्या शहरांतील रुग्णालयांपेक्षा अधिक मानधन देऊ करतात, हे आपण नेहमी ऐकतो. लोक म्हणतात, ‘एवढे पैसे देऊनही कोणी येत नाही.’ अर्थशास्त्र म्हणते, कोणी येत नाही म्हणूनच एवढे पैसे द्यावे लागतात.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. सुखसोयींची किंमत प्रत्येकाला सारखी नसते, आणि एकाच माणसाला आयुष्यभर सारखी नसते. १९९० मध्ये मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. सांवेरचे स्वस्त भाडे आणि पहिल्या दिवसापासून येणारे रुग्ण हे मला इंदूरच्या नाट्यगृहापेक्षा मोलाचे वाटले. २००१ मध्ये शाळा हा एकच शब्द त्या साऱ्यापेक्षा जड झाला. या दहा-अकरा वर्षांत माझा सेवाभाव कमी झाला होता काय? मला तसे वाटत नाही. तराजूतील एका पारड्यात माझी मुलगी बसली होती. आणि दुसऱ्या पारड्यात जो बसला होता, त्या मध्यरात्रीच्या रुग्णाचे नाव मला तेव्हा ठाऊक नव्हते.

इंदूरचा दाखला

इंदूर मोठे कसे झाले, हेही याच नियमाने समजून घेता येते. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि १८७० च्या दशकात इंदूर लोहमार्गाने जोडले गेले. ही सोय मुख्यतः धंद्याची होती. तिच्यामागोमाग कापडगिरण्या आल्या, गिरण्यांमागोमाग मजूर आले आणि परदेशीपुऱ्यासारख्या वस्त्या गिरण्यांच्या आसपास दाटल्या. मजूर गिरणीजवळ राहतो, कारण पायी जाता येईल एवढेच अंतर त्याला परवडते. वेळेचा खर्च आणि भाड्याचा खर्च यांचा हा जुनाच मेळ आहे.

दाटीमागोमाग प्लेग आला. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने इंदूर दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्या दिवसांत त्याने योजलेल्या दिवाळीच्या मिरवणुकीची गोष्ट प्रसिद्ध आहे. जे मार्ग लोक सर्वांत स्वच्छ करतील, त्या मार्गाने मिरवणूक जाईल असे जाहीर झाले आणि मोहल्ले आपापली गल्ली झाडू लागले. आपल्याला विशेष वाटावी अशी त्याची दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या वस्तीवर उपचार करण्याची त्याची पद्धत. तिला त्याने शस्त्रक्रियेचीच उपमा दिली होती. शक्य तितके राखावे आणि अत्यावश्यक तेवढेच कापावे, असे त्याचे सूत्र होते. कारण वस्तीच्या वस्ती पाडून रुंद रस्ते काढले की तेथील गरीब नाहीसा होत नाही. तो शेजारच्या मोहल्ल्यात जाऊन तेथली दाटी आणि भाडे वाढवितो. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या पाडापाडीने नेमके हेच घडले होते.

पुढे नर्मदा आली. इंदूर हे तहानलेले शहर होते. १९७८ मध्ये सुमारे सत्तर किलोमीटर दूरच्या जलूदहून, विंध्याचा चढ चढवून, नर्मदेचे पाणी शहरात आणले गेले. पाण्यावाचून अडलेली वाढ मोकळी झाली. २०११ च्या जनगणनेपर्यंत शहर वीस लाखांच्या आसपास पोचले. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग सात वर्षे पहिल्या क्रमांकावर राहिले. स्वच्छता ही सुखसोय आहे, आणि सुखसोय भाड्यात उतरते. जुन्या इंदूरकरांना अभिमानाबरोबर घरभाड्याची चिंता का वाटते, त्याचे उत्तर येथे आहे.

हुकूमचंद मिलची कथा या संदर्भात मला फार बोलकी वाटते. ही गिरणी १९९१-९२ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांचा पगार थांबला, देणी थकली आणि खटले चालले. दरम्यान शहर गिरणीच्या चहूबाजूंनी वाढत गेले आणि तिच्या जमिनीचे मोल वाढत राहिले. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपयांचा मार्ग मोकळा झाला, आणि तोही त्या जमिनीच्या आधारानेच. शहराच्या सुखसोयींचा लाभ जमिनीला आपोआप मिळाला. मजुराला तो मिळण्यास तीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि अनेकांच्या हयातीत तो मिळालाच नाही. सुखसोय सार्वजनिक पैशातून निर्माण होते, पण तिचे मोल प्रथम जमीनमालकाच्या पदरात पडते. भाडेकरूच्या वाट्याला वाढलेले भाडे येते.

जेथे पगार हलत नाही

आतापर्यंत वर्णिलेला समतोल एका गृहीतावर उभा आहे. पगार आणि भाडे यांना हलण्याची मोकळीक आहे, हे ते गृहीत. ती मोकळीक नसेल तर काय होते?

भाड्याचे उदाहरण मराठी वाचकांना नवे नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. भाडे गोठले, पण मागणी गोठली नाही. तेव्हा पागडी निघाली, दुरुस्त्या थांबल्या आणि चाळी मोडकळीस आल्या. किमतीला हलू दिले नाही म्हणून दुसरे काही तरी हलले.

शासकीय वैद्यकीय सेवेत गोठलेला असतो तो पगार. केंद्र शासनाच्या वेतनरचनेत मूळ वेतन सर्वत्र सारखे. फरक घरभाडे भत्त्यात. त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे वर्ग केले आहेत. जानेवारी २०२४ पासून हा भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के आहे. इंदूर वाय वर्गात आहे आणि वर्गीकरणात नाव नसलेली गावे झेड वर्गात जातात. मूळ वेतन ५६,१०० रुपये धरले तर वाय वर्गाच्या शहरी भत्ता ११,२२० रुपये आणि झेड वर्गाच्या गावी ५,६१० रुपये. राज्यांचे नियम आणि दर वेगळे असतात, परंतु मोठ्या गावी जास्त आणि लहान गावी कमी हे तत्त्व तेच.

वरवर पाहता हे न्याय्य दिसते. लहान गावी भाडे कमी, म्हणून भत्ता कमी. पण जरा थांबून विचार केला तर यातील खोच दिसते. लहान गावी भाडे कमी का आहे? कारण तेथे सुखसोयी कमी आहेत. स्वस्त भाडे हीच त्या उणिवेची भरपाई होती. भत्ता कमी करून आपण ती भरपाई काढून घेतो आणि उणीव मात्र तशीच ठेवतो. रोझेन-रोबॅक यांच्या हिशेबाने पाहिले तर सांवेरच्या डॉक्टरास अधिक द्यावयास हवे; नियमाने त्यास थोडे कमीच मिळते.

मग हलते काय? पगार हलत नाही आणि भाडे हलून उपयोग नाही, तेव्हा माणूसच हलतो. जागा रिकामी राहते. सामुदायिक आरोग्य केंद्रात शल्यचिकित्सक, भिषक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत असा मापदंड आहे. देशातील ग्रामीण सामुदायिक केंद्रांत आवश्यकतेच्या तुलनेत तज्ज्ञांचा तुटवडा सुमारे ८० टक्के असल्याचे केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत नोंदलेले आहे. पाचांपैकी चार खुर्च्या रिकाम्या. हा आकडा आपण नीतीचा निर्देशांक म्हणून वाचतो. मला तो न दिल्या गेलेल्या भरपाईचा आकडा वाटतो. मुंबईत जशी पागडी, तशी येथे रिकामी खुर्ची.

शासनास हे कळत नाही असे नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून अनेक उपाय झाले. दुर्गम भागासाठी विशेष भत्ते आले. ‘तुम्ही रक्कम सांगा, आम्ही देऊ’ या धर्तीवर तज्ज्ञांशी मानधन ठरविण्याची मुभा राज्यांना मिळाली. दुर्गम भागातील सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत गुणांच्या १० टक्के आणि कमाल ३० टक्के अधिक गुण देण्याची तरतूद झाली. हे अधिक गुण म्हणजे पैशाऐवजी दुसऱ्या नाण्यात दिलेला पगारच होय. त्याने तरुण डॉक्टर जातात, हे खरे. पण तीन वर्षांत कमाल मर्यादा गाठली की त्या नाण्याचे मोल संपते, आणि ज्या वयात शाळेचे पारडे जड होते त्या वयाच्या आधीच ते परततात.

रस्ता दोन्ही बाजूंनी जातो

मधला मार्ग म्हणून आपण रस्त्याकडे पाहतो. मी सांवेरला आलो तेव्हा इंदूर-उज्जैन रस्ता अरुंद होता, पावसाळ्यात खड्ड्यांचा होता आणि रोज जाऊन-येऊन व्यवसाय करण्याचा विचार कोणी करीत नसे. पुढे तो चौपदरी झाला, आणि २०२८ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने २०२४ मध्ये सहापदरीकरण हाती घेण्यात आले. अत्यवस्थ रुग्णास इंदूरला नेण्याचा वेळ त्यामुळे घटला, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु रस्त्याने आणखी एक गोष्ट केली. त्याने कामाचे ठिकाण आणि मुक्काम यांची गाठ सोडविली. पूर्वी सांवेरची प्रॅक्टिस हवी असेल तर सांवेरलाच राहावे लागे. आता सांवेरचे उत्पन्न आणि इंदूरची शाळा दोन्ही एकाच माणसास घेता येतात. किंमत फक्त दोन वेळच्या प्रवासाची. मी तेच केले. माझ्यासारखेच शिक्षकांनी, बँकेतील अधिकाऱ्यांनी आणि शासकीय कर्मचाऱ्यांनी केले. परिणामी दिवसाच्या सांवेरला डॉक्टर वाढले आणि रात्रीच्या सांवेरचे कमी झाले. सरासरी काढली तर सुधारणा दिसेल. मध्यरात्री दार ठोठावणाऱ्यास ती सरासरी उपयोगाची नाही.

रात्री सांवेरला राहतो कोण? ज्यास इंदूरचे भाडे परवडत नाही तो. माझे कंपाउंडर गेली अठ्ठावीस वर्षे माझ्याजवळ आहेत आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. रस्ता मोठा होणार ही वार्ता येताच रस्त्यालगतच्या शेतांत प्लॉट पडू लागले आणि गावातील भाडीही सरकली. त्यांनी मला एकदा विचारले, ‘साहेब, रस्त्याने आपला काय फायदा?’ मी वेळ वाचतो असे उत्तर दिले. वेळ माझा वाचत होता आणि भाडे त्यांचे वाढत होते, हे माझ्या ध्यानात नंतर आले.

जे भाड्यात दिसत नाही

या विचारसरणीची एक मर्यादा आपण डॉक्टरांनी विशेष ध्यानात ठेवावी. भाडे आणि पगार यांत उतरतात त्या दिसणाऱ्या सुखसोयी. शाळा दिसते, रस्ता दिसतो, झाडलेली गल्ली दिसते. जमिनीखालची जलवाहिनी दिसत नाही. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून जुलाबाची साथ आली आणि माणसे दगावली. देशातील सर्वांत स्वच्छ म्हणून गौरविलेल्या शहरात हे घडले. तेथील भाडेकरूने घर घेताना पाण्याचा विचार केला असेल तर ‘नळ आहे’ एवढाच केला असेल. नळातून काय येईल याची किंमत तो लावू शकत नव्हता, कारण ते त्यास ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता. जे कळत नाही त्याचा समतोल बाजार साधू शकत नाही. ते तपासणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम आहे आणि राहील.

तसेच कान्ह नदीचे. इंदूरचे सांडपाणी अनेक दशके या नदीतून सांवेर तहसिलीमधून क्षिप्रेकडे वाहत गेले. शहराची सुखसोय वाढली तिचा काही खर्च खालच्या अंगाच्या गावांनी उचलला. त्यांच्या पगारात त्याची भरपाई कोणी दिली नाही; स्वस्त भाडे हीच काय ती भरपाई. तेव्हा ‘सांवेरला भाडे किती कमी’ असे म्हणताना त्या कमीपणात नदीचाही वाटा असू शकतो, हे आपण विसरू नये.

काय करता येईल

इतके विवेचन केल्यावर निष्कर्ष मांडणे माझे कर्तव्य ठरते. तरुण डॉक्टर लहान गावी जात नाहीत याचे कारण त्यांच्या मनात शोधण्यापेक्षा तराजूत शोधावे. दोष देऊन पारडे हलत नाही. ते हलविण्याचे दोन मार्ग आहेत : मोबदला वाढविणे किंवा सुखसोयी वाढविणे. पहिला शासनाच्या हाती आहे. लहान गावी घरभाडे भत्ता निदान शहराएवढा ठेवावा आणि सेवेच्या वर्षांबरोबर तो वाढावा, एवढी मागणी तरी आपल्या संघटना करू शकतात.

दुसऱ्या मार्गाविषयी मला अनुभवाने एक गोष्ट सांगावीशी वाटते. शाळा आणि नाट्यगृह सांवेरला आणणे आपल्या हाती नाही. परंतु सांवेरच्या अकरा वर्षांत मला सर्वांत अधिक उणीव भासली ती दुसऱ्या डॉक्टरची. अवघड रुग्णाविषयी विचारावे असा सहकारी, आपण आजारी पडलो तर दवाखाना पाहील असा मित्र, रात्रीची जबाबदारी वाटून घेईल असा सोबती. एकट्या डॉक्टरास वर्षाच्या ३६५ रात्री असतात. चौघांना प्रत्येकी नव्वदच्या आसपास येतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे पण भूलतज्ज्ञ नाही अशा ठिकाणी तज्ज्ञाचे ज्ञान वाया जाते आणि तो कंटाळून निघून जातो. म्हणून चार गावी एकेक डॉक्टर नेमण्याऐवजी एका गावी चौघांचा चमू नेमावा, त्यांना एका आवारात राहती घरे द्यावीत, आणि उरलेल्या तीन गावांना उत्तम रुग्णवाहिकेने त्या गावाशी जोडावे. डॉक्टरसाठी सर्वांत मोठी आणि सर्वांत स्वस्त सुखसोय दुसरा डॉक्टर हीच आहे, असे माझे मत झाले आहे.

त्याबरोबर एक पथ्य पाळावे लागेल. गावात सोयी आल्या की भाडी चढतील आणि प्रथम बाहेर पडतील ते परिचारिका, ड्रेसर, कंपाउंडर, ज्यांच्या जिवावर रात्रीचा दवाखाना चालतो. म्हणून राहती घरे बांधताना ती केवळ डॉक्टरांसाठी बांधू नयेत. शक्य तितके राखावे, हे गेडिसचे सूत्र येथेही लागू आहे.

माझी कन्या आता दूरच्या शहरी स्थायिक आहे. तिच्या शाळेचे पारडे कधीच रिकामे झाले. तरीही मी पंचवीस वर्षे इंदूरलाच झोपत राहिलो, याला हिशेब नव्हे तर सवय कारण होती, हे हा लेख लिहिताना मला मान्य करावे लागले. सांवेरच्या तीन तरुण व्यावसायिक मित्रांशी बोलणे झाले आहे. रात्री वाटून घ्यावयाच्या ठरल्या आहेत. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरील खोली कंपाउंडरांनी झाडून ठेवली आहे. माझ्या वाट्याला सोमवार आणि गुरुवार आले आहेत.